गाण्याचे खाते

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या पेढीवर दरवर्षी आश्विन महिन्यात एक नोंद होत असे. रक्कम फार मोठी नसे. तिच्यापोटी पेढीच्या नावाचा फलक कुठे लागत नसे, की व्यासपीठावर कोणाचा सत्कार होत नसे. खतावणीतील त्या पानावर वर एकच शब्द लिहिलेला असे : ‘गाणे’. पेढीच्या मालकांना, ज्यांना सारा बाजार अण्णा म्हणून ओळखतो, हे खाते वडिलांकडून मिळाले. वडिलांच्या अक्षरातील पहिली नोंद अकरा रुपयांची होती. गेल्या वर्षीची अण्णांच्या अक्षरातील नोंद अकरा हजार एक रुपयांची होती. हा पैसा मिरजेच्या अंबाबाई देवालयात नवरात्रात होणाऱ्या संगीत महोत्सवासाठी जात असे.

यंदा भाद्रपद संपता संपता हे पान अण्णांच्या नातवाने उघडले. पुण्यात सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण होऊन तो नुकताच पेढीवर बसू लागला होता. वर्ष कठीण होते. हळदीचा दर उतरला होता, वखारीत माल पडून होता आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवरील व्याज मात्र दर महिन्याला न चुकता खात्यावर पडत होते. नातवाने खर्चाची एकेक बाब तपासायला घेतली. काही बाबी कमी केल्या, काही पूर्ण बंद केल्या. शेवटी तो या पानापाशी येऊन थांबला.

‘‘अण्णा, या खर्चाचा आपल्याला परतावा काय?’’ त्याने विचारले. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. ‘‘जाहिरात म्हणावी, तर आपले नाव कुठेच येत नाही. दानधर्म म्हणावा, तर दिवाणजींच्या मुलीची अभियांत्रिकीची फी भरायची राहिली आहे. हीच रक्कम तिला दिली, तर एका घराचे कल्याण होईल. गाणे ऐकून कोणाचे पोट भरते?’’

मुलगा चुकीचे बोलत नव्हता, आणि हीच अण्णांची खरी अडचण होती. पंचावन्न वर्षे त्यांनी अडत केली. भावाच्या घासाघिशीत त्यांना कधी शब्द कमी पडला नाही. परंतु या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. बराच वेळ ते गादीवरच्या लोडाला टेकून बसून राहिले. मग म्हणाले, ‘‘घटस्थापनेपासून सप्तमीपर्यंत सात संध्याकाळी माझ्याबरोबर मिरजेला चल. आठव्या दिवशी तू जो निर्णय घेशील, तो मला मान्य आहे.’’

सांगली आणि मिरज या दोन गावांमध्ये जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर आहे, आणि मधल्या वस्तीमुळे तेही आता जाणवत नाही. घरी जेवणे सूर्यास्तापूर्वी होत. त्यामुळे पुढची सारी संध्याकाळ मोकळी असे. पहिल्या दिवशी आजोबा आणि नातू पोहोचले, तेव्हा देवळाच्या आवारात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. पुढे लहान मुले, मागे खांबांना टेकलेली वृद्ध मंडळी, कडेला नुकतेच दुकान बंद करून आलेले दुकानदार. कोणी तिकीट विचारत नव्हते. रंगमंचावर तंबोरे लागत होते आणि गावातील दोन-चार जाणते लोक डोळे मिटून ते जुळण्याची वाट पाहत होते. नातवाला या गोष्टीचे प्रथम नवल वाटले. गाणे अजून सुरूही झाले नव्हते आणि लोक ऐकू लागले होते.

मिरजेचा हा कान एका दिवसात तयार झालेला नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले. त्यांच्यापाशी शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे लाहोरला गेले आणि १९०१ मध्ये त्यांनी तेथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले आणि मिरजेचेच झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले, तरी त्यांना विसावा मिळाला तो मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात. आजही उरुसाच्या वेळी तेथील चिंचेच्या झाडाखाली कलावंत त्यांच्या स्मरणार्थ गातात. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचा, १९०५ सालचा. गावात दर्गा आणि देऊळ या दोन्ही ठिकाणी गाणे होते, आणि ऐकणारी माणसे बहुतांशी तीच असतात. देवीपुढे बसलेला कलावंत त्याला कार्यक्रम म्हणत नाही, हजेरी म्हणतो. अण्णांनी दुसऱ्या दिवशी गाडीत हे सारे सांगितले. नातवाने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पण मग तबलजीचे आणि माइकवाल्याचे पैसे कोण देतो?’’

अण्णा हसले. ‘‘योग्य प्रश्न विचारलास. हा प्रश्न सांगलीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच पडला होता.’’

आणि खरोखरच तो पडला होता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला. मराठी रंगभूमीचा आरंभ त्या दिवसापासून मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या खेळामागे सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचा आश्रय होता. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि तो आश्रयही सरला. भाव्यांपुढे मंडळी मोडण्याचा मार्ग होता. त्यांनी तो न पत्करता मंडळी घेऊन मुलुखगिरी केली आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. कलेला आधी राजाने पोसले, मग तिकिटाने. तिकिटावर जे भागत नाही, किंवा ज्याला तिकीट लावणे गावाला प्रशस्त वाटत नाही, ते वर्गणीवर चालते. राजा गेला, तेव्हा त्याची गादी अनेक लहान लहान पेढ्यांनी वाटून घेतली. कोणी पाच रुपयांची, कोणी अकरा रुपयांची. ‘गाणे’ या पानाचा उगम तेथे होता.

तिसऱ्या संध्याकाळी नातवाच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. एका तरुण गायिकेने विलंबित ख्याल सुरू केला. पहिली वीस मिनिटे त्याला काहीच समजले नाही. नंतर त्याच्या लक्षात आले, की तबल्याचे आवर्तन जेथे संपते, तेथेच गायिकाही येऊन पोहोचते आणि त्याच क्षणी समोर बसलेल्या शेकडो माना एकदम हलतात. लहानपणी अण्णा त्याला मांडीवर घेऊन त्याच्या तळहातावर बोटांनी मात्रा मोजून दाखवीत. एक, दोन, तीन, चार, आणि समेवर अंगठ्याने हलका दाब. तो खेळ त्याला आठवला. त्याने कौतुकाने शेजारी पाहिले. अण्णांची मानही हलली होती, पण सगळ्यांच्या माना हलल्यानंतर. क्षणभर उशिरा.

पुढच्या आवर्तनातही तेच झाले. अण्णा गायिकेकडे पाहत नव्हते. ते तबलजीच्या हाताकडे आणि समोरच्या माणसांच्या मानांकडे पाहत होते. नातू त्या रात्री घरी परतताना काही बोलला नाही.

चौथ्या दिवशी दोघे दुपारीच निघाले. अण्णांना सतारमेकर गल्लीत जायचे होते. मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर लढायांचा काळ ओसरल्यावर या कामाकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून येतो. दांडीला तुणीचे लाकूड लागते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्येच मिळाले होते. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता दोन्ही वस्तूंचे मोल एकाच गोष्टीत आहे : ती वस्तू त्या मातीत आणि त्या हातांतच तशी होते.

ओळखीच्या एका कारागिराच्या दुकानात जवारी काढण्याचे काम चालू होते. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, तिचा पृष्ठभाग कानशीने अगदी अल्प अल्प घासत तो तार छेडून पाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवी. धागा केसभर पुढे गेला की आवाज मुका होई, केसभर मागे आला की खुले. एका जागी तो असा काही उमलला, की नातवाला न सांगताही कळले, हीच ती जागा. कारागिराने अण्णांकडे पाहिले. ‘‘कसा वाटतो, शेठजी?’’

‘‘छान. अगदी गोल,’’ अण्णा म्हणाले.

कारागिराने मान डोलावली नाही. क्षणभर थांबून तो उठला, त्याने अण्णांचा उजवा हात हाती घेतला आणि भोपळ्याच्या पाठीवर ठेवला. मग तार पुन्हा छेडली. अण्णांचा चेहरा बदलला. तळहातातून काहीतरी मनगटापर्यंत चढत गेले असावे. त्यांनी दुसराही हात भोपळ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ कोणीच काही बोलले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर तारा जुळवल्या, त्याला न सांगता समजले होते. घरात दहा माणसे असून कोणाला समजले नव्हते.

परतीच्या वाटेवर नातवाने गाडी कडेला घेतली. ‘‘अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही?’’

‘‘येते. पण वरचे स्वर गेले. चार वर्षे झाली. माणसांचे बोलणे येते, पण शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या वाटतात.’’

‘‘मग सांगितले का नाहीत? तपासणी करता आली असती, यंत्र घेता आले असते.’’

अण्णांनी समोरच्या काचेतून बाहेर पाहत उत्तर दिले. ‘‘अडत्याचा धंदा कानावर चालतो. सौद्यात भाव ऐकायचा, शब्द द्यायचा, शब्द पाळायचा. अण्णांना ऐकू येत नाही, हे एकदा यार्डात पसरले, की शेतकरी म्हणेल, माझा भाव त्यांनी नीट ऐकला नसेल. तू आणि तुझा बाप मला घरी बसवाल. बसवाल तेही प्रेमानेच. पण बसवाल.’’

‘‘आणि ऐकू येत नसताना सात रात्री येऊन बसता?’’

या प्रश्नाचे उत्तर अण्णांनी लगेच दिले नाही. त्यांनी गाडी हरिपूरकडे वळवायला सांगितली.

हरिपूर हे कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव, नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव. पण सांगलीच्या हळदवाल्यांना ते ठाऊक आहे पेवांसाठी. तेथील जमीन अशी, की तिच्यात खोल पेव खोदून, आतून उसाच्या पाल्याचे आवरण देऊन हळद भरली आणि तोंड मातीने बंद केले, तर ती वर्षानुवर्षे टिके. कीड लागत नसे, रंग उडत नसे. पेव उघडले की काही काळ थांबूनच माणूस आत उतरे, कारण आत श्वासापुरतीही हवा नसे. वरून पाहणाऱ्याला नुसती मोकळी जमीन दिसे आणि खाली गावाची सारी श्रीमंती असे. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले. हळद गेली आणि बहुसंख्य पेवेही निकामी झाली. माल पुढे वखारींत आणि शीतगृहांत जाऊ लागला.

मावळतीच्या उजेडात अण्णा एका बुजलेल्या पेवाच्या खळग्यापाशी उभे राहिले. ‘‘आपली चार पेवे होती येथे. हळदीचे नुकसान दोन हंगामांत भरून आले. पेवे भरून आली नाहीत. नवे पेव खोदायला आता माणूस मिळत नाही. खोदणारा हातच राहिला नाही. गाण्याचेही असेच आहे रे. कलावंत पुन्हा मिळेल, मंडप पुन्हा मिळेल. पण सतरंजीवर सात रात्री येऊन बसणारा माणूस एकदा घरी बसला, की पुन्हा मिळत नाही. करोनाच्या वर्षी देऊळ बंद होते, तेव्हा मला या गोष्टीची पहिल्यांदा भीती वाटली. पुढे लोक परत आले. काही आले नाहीत. मला ऐकू येत नसेल, पण माझी जागा भरलेली दिसली, तर शेजारचा उठून जात नाही. तेवढे काम अजून माझ्याने होते.’’

नातवाने वाणिज्य शाखेत ख्यातीचा धडा वाचला होता. पेढीचा नावलौकिक विकत घेतला असेल, तरच तो ताळेबंदात मत्ता म्हणून दाखवता येतो. पेढीने स्वतःच्या सचोटीने मिळवलेला लौकिक कोणत्याही रकान्यात लिहिता येत नाही. परीक्षेत या नियमावर त्याने पूर्ण गुण मिळवले होते. त्या नियमाचा दुसरा अर्थ त्याला हरिपूरच्या त्या खळग्यापाशी उमगला. जे लिहिता येत नाही, त्याची झीजही लिहिता येत नाही. ते कमी होत असताना कोणताही हिशेबनीस सूचना देत नाही. मिरजेचा कान ही अशीच स्वकष्टार्जित मत्ता होती. तिची किंमत कोणी विचारली नव्हती, कारण ती कधी विकायला निघाली नव्हती.

पाचव्या आणि सहाव्या रात्री नातू कार्यक्रमाच्या आधी जाऊन पोहोचला. सतरंज्या अंथरणाऱ्यांना त्याने हात लावला, कार्यकर्त्यांशी बोलला आणि आपल्या स्वभावाप्रमाणे खर्च समजून घेतला. मंडप, ध्वनिव्यवस्था, कलावंतांचा प्रवास आणि मुक्काम, साथीदारांचे मानधन. नामवंत कलावंत देवीपुढे हजेरी म्हणून गाईलही, पण तबल्यावर आणि हार्मोनियमवर ज्यांचा संसार चालतो, त्यांना रिक्त हस्ते पाठवणे योग्य नव्हे. पेढीची रक्कम जवळजवळ एका संध्याकाळच्या साथीदारांपुरती होती. ‘गाणे ऐकून कोणाचे पोट भरते’ हा आपला प्रश्न त्याला आठवला आणि तो थोडा खजील झाला. पोट भरत होते. फक्त त्याला ते घर ठाऊक नव्हते.

तरीही दिवाणजींच्या मुलीचा प्रश्न उरत होताच, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. एका सत्कार्यासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा, असा पेच वास्तविक नव्हता. तो केवळ दोन्ही बाबी एकाच पानावर मांडल्यामुळे दिसत होता. सहाव्या रात्री घरी आल्यावर त्याने वडिलांपुढे वही ठेवली. नव्या मोटारीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मुलीची या वर्षीची फी जाणार होती. जुनी गाडी मिरजेपर्यंत विनातक्रार जात होती, हे त्याने गेल्या सहा दिवसांत पाहिले होते. वडिलांनी वही वाचली आणि कोणताही प्रश्न न विचारता सही केली. दिवाणजींना मात्र ही रक्कम कोणत्या बाबीतून आली, ते कळू द्यायचे नाही, असे तिघांनी ठरवले.

दुसरी गोष्ट कठीण होती. सप्तमीच्या सकाळी अण्णा स्वतः गादीवर बसले आणि यार्डातील दोन जुन्या शेतकऱ्यांसमोर म्हणाले, ‘‘मला वरचा आवाज कमी ऐकू येतो. यापुढे भाव नातू ऐकेल, मी माल पाहीन.’’ शेतकऱ्यांपैकी एकाने नुसते स्मित केले. ‘‘आम्हाला दोन वर्षांपासून ठाऊक आहे अण्णा. म्हणून तर आम्ही भाव दोनदा सांगतो.’’ चार वर्षे जे लपवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले, ते बाजाराने ओळखले होते आणि सांभाळून घेतले होते. ही ख्यातीही कोणत्या ताळेबंदात नव्हती. दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांकडे जायचे, हे त्यांनी मान्य केले.

त्या रात्री सतारीचे वादन होते. आलाप चालू होता, तोवर नातू स्वस्थ बसला. तबला सुरू झाला, तेव्हा त्याने अण्णांचा हात आपल्या हाती घेतला आणि तळहातावर बोटांनी मात्रा मोजू लागला. दहाव्या-बाराव्या आवर्तनापर्यंत त्याचे दोनदा चुकले. मग जमले. सम आली, त्याने अंगठ्याने हलकेच दाब दिला, आणि अण्णांची मान बाकी सगळ्यांच्या मानांबरोबर हलली.

दसऱ्याला पेढीवर वह्यांची पूजा झाली. ‘गाणे’ या पानावर यंदाची नोंद नातवाच्या अक्षरात आहे. रक्कम गेल्या वर्षीइतकीच, अकरा हजार एक. वर्ष कठीण असल्यामुळे ती वाढवता आली नाही. पण कमीही केलेली नाही. तपशिलाच्या रकान्यात पूर्वी काही लिहिण्याची पद्धत नव्हती. त्याने तेथे लिहिले आहे : ‘सात रात्री, दोन माणसे हजर.’